शेवटचे मिनिट कोणाचे? वेळकाढूपणा, दंड आणि मैदानावरचे घड्याळ

थंडीच्या दिवसांत ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात संध्याकाळी हिंडले, तर कुठल्या तरी मैदानावर दिव्यांचा झगमगाट दिसतो आणि ध्वनिक्षेपकावरून समालोचकाचा आवाज ऐकू येतो. कबड्डीचे सामने चालू असतात. एखाद्या मंडळाने किंवा एखाद्या नेत्याच्या वाढदिवसानिमित्त भरवलेली स्पर्धा असते. लाकडी फळ्यांच्या गॅलरीवर माणसे दाटीवाटीने बसलेली असतात. सामन्याची शेवटची दोन-तीन मिनिटे उरली, की या गर्दीचा सूर बदलतो. दोन-तीन गुणांनी पुढे असलेल्या संघाचा चढाईपटू मध्यरेषा ओलांडून जातो, निदान रेषा एकदाची पार करतो, मग मागे सरकून सुरक्षित अंतरावर डावी-उजवीकडे घुटमळत राहतो. कोणाला हात लावायची त्याची इच्छा नसते आणि कोणाच्या हाती लागायचीही नसते. त्याला फक्त सेकंद खर्च करायचे असतात. मग गॅलरीतून आरोळी येते, “अरे, वेळ काढतोय! पंच, घड्याळ बघा!”

या आरोळीत एक तक्रार आहे आणि एक प्रश्नही आहे. नियमाने दिलेला वेळ त्या खेळाडूने वापरला, तर त्यात चूक काय? आणि चूक असेल, तर शिक्षा कोणती? वेळ खाल्ल्याची शिक्षा गुणांनी द्यायची, पैशांनी द्यायची की वेळच परत करून द्यायची? जगातल्या बहुतेक सगळ्या सांघिक खेळांना गेल्या शंभर वर्षांत कधी ना कधी या प्रश्नाशी झुंजावे लागले आहे. त्याची उत्तरे शोधताना कबड्डीच्या मैदानावरून निघून अमेरिकन फुटबॉल आणि क्रिकेट अशी फेरी मारावी लागते. त्या फेरीत डोंबिवलीचा एक कर्णधार भेटतो, मुंबईहून अमेरिकेत गेलेला एक मराठी गोलंदाज भेटतो, आणि शेवटी आपण परत कबड्डीच्याच मैदानावर येतो.

घड्याळाशी ओळख

ठाणे-कल्याणच्या माणसाला घड्याळाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला. सूर्य, सावली आणि देवळातली घंटा यांच्यावर चालणाऱ्या या गावांच्या आयुष्यात मिनिट नावाचे माप शिरले ते रुळांवरून. आज डोंबिवलीचा नोकरदार आठ वाजताची नव्हे, तर आठ-तीनची किंवा आठ-सतराची लोकल पकडतो.

पण मिनिट आले म्हणजे सगळ्यांचे मिनिट एकच झाले, असे नव्हते. एकोणिसाव्या शतकात आगगाड्या मद्रासच्या वेळेने धावत आणि मुंबई शहर आपल्या स्थानिक वेळेने चाले. दोन्हींत सुमारे अर्ध्या तासाचा फरक होता. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा ती ‘मुंबई टाइम’च्या ३९ मिनिटे पुढे होती. मुंबईकरांनी तिला कडाडून विरोध केला. नव्या घड्याळाने आपल्याला रोज ३९ मिनिटे आधी कामावर यावे लागेल, हे ध्यानात आल्यावर गिरणी कामगारही बिथरले. मुंबई टाइम पुढे १९५५पर्यंत तग धरून होता. एकाच क्षणाला दोन घड्याळांत दोन वेगळ्या वेळा दाखवल्या जात आणि कोणती खरी मानायची, यावर माणसांचे नफे-तोटे अवलंबून असत. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण लेखाच्या शेवटी तिची पुन्हा गरज पडणार आहे.

दम हेच घड्याळ

आपल्या हुतुतूला मात्र मुळात घड्याळ नव्हते. त्याचे घड्याळ चढाई करणाऱ्याच्या छातीत होते. एका दमात शिरायचे, ‘हुतुतू’ किंवा ‘कबड्डी’चा घोष अखंड चालू ठेवायचा आणि दम संपायच्या आत आपल्या अंगणात परतायचे. दम तुटला की खेळाडू बाद. म्हणजे चढाईची मुदत ज्याची त्याने आपल्या श्वासाने ठरवायची आणि ती ओलांडल्याची शिक्षा जागच्या जागी भोगायची. मुदत आणि दंड यांची इतकी सुटसुटीत सांगड दुसऱ्या खेळात क्वचितच सापडेल.

जुन्या खेळाचे प्रमुख प्रकार तीन: संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी पुन्हा उठत नसे. सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत तो बाहेरच बसे आणि ठरलेले लोण पुरे होईपर्यंत खेळ चाले. वेळेची मर्यादा नव्हती, त्यामुळे वेळ काढण्यात काही लाभही नव्हता. कितीही घुटमळले तरी शेवट जवळ येत नसे. अमर प्रकारात बाद झालेला खेळाडू मैदानातच राही आणि गुण तेवढे मोजले जात. संजीवनीत प्रतिस्पर्ध्याचा एक गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत होई आणि सामना ठरावीक मिनिटांचा असे. आजची कबड्डी मुख्यतः या संजीवनीच्या वाटेने आली आहे.

महाराष्ट्रात १९१८च्या सुमारास खेळाच्या नियमांची बांधणी झाली. ते १९२३ साली छापून प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी बडोद्यात त्या नियमांनुसार अखिल भारतीय स्पर्धा भरली. १९३६ साली बर्लिनमध्ये, ऑलिम्पिकच्या काळात, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने जगाला देशी खेळांचे दर्शन घडवले. १९५०मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि १९५२मध्ये पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा खेळ गावोगाव आणि देशोदेशी नेण्यासाठी आयुष्य वेचले. स्पर्धा म्हटली की वेळापत्रक आले, आणि वेळापत्रकापाठोपाठ सामन्याचे घड्याळ आले. पुरुषांसाठी वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती, हे गणित पक्के झाले.

याच ठिकाणी वेळकाढूपणाचा जन्म झाला. तो खेळाडूंच्या स्वभावातून आला नाही, सामन्याला ठरलेला शेवट मिळाला म्हणून आला. शेवट ठरलेला असला, की पुढे असलेल्या संघाला खेळ नको असतो, शेवट हवा असतो. पिछाडीवरच्या संघाला याच्या नेमके उलट हवे असते. एकाच मैदानावर दोन संघ दोन वेगळ्या वस्तूंसाठी खेळू लागतात. एक गुणांसाठी, दुसरा सेकंदांसाठी.

रिकाम्या चढायांचा हिशेब

कबड्डीच्या नियमावलीत या रोगावरची औषधे जागोजागी दिसतात. चढाईपटूने निदान रेषा ओलांडली पाहिजे, नाहीतर तो बाद. म्हणजे मध्यरेषेवरच उभे राहून वेळ घालवता येणार नाही. एक चढाई संपली की दुसऱ्या संघाने पाच सेकंदांत आपला खेळाडू पाठवला पाहिजे. म्हणजे दोन चढायांमधली फट रुंद करता येणार नाही. समोर सहा किंवा अधिक बचावपटू असतील तर बोनस रेषा ओलांडून एक गुण मिळवता येतो. म्हणजे आत शिरायला आमिष आहे. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली आणि छातीतले घड्याळ भिंतीवर गेले. दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, अन्यथा चढाईपटू बाद. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने ही ‘करो या मरो’ चढाई घराघरांत पोचवली.

पण या सगळ्या औषधांनी शेवटच्या दोन मिनिटांचा रोग बरा होतो का, हे आकडेमोड करून पाहण्यासारखे आहे. १२० सेकंद उरले आहेत आणि प्रत्येक चढाई पुरे ३० सेकंद चालली, असे धरले तर उरतात चार चढाया. दोन आपल्या, दोन समोरच्या संघाच्या. आघाडीवरच्या संघाने आधीच्या चढाईत गुण मिळवला असेल, तर त्याची रिकाम्या चढायांची मोजणी शून्यापासून सुरू होते. मग उरलेल्या दोन्ही चढाया त्याने बिनधास्त रिकाम्या घालवाव्यात. तिसरी येण्याआधी शिट्टी वाजलेली असेल. उलट, मोजणी आधीच दोनवर आलेली असेल, तर अखेरच्या मिनिटांत त्याला जोखीम पत्करावीच लागते. म्हणून जाणते प्रशिक्षक चार-पाच मिनिटे आधीपासूनच उलटी मोजणी करू लागतात. तिसरी चढाई नेमकी कधी येईल, ती कोणाच्या वाट्याला द्यायची, हे ठरवतात. पिछाडीवरचा संघ मात्र आठ-दहा सेकंदांत हात लावून परत पळतो, कारण त्याने वाचवलेला प्रत्येक सेकंद त्याच्याच कामी येतो.

एक उदार नियमही आहे. डावाची वेळ संपली तरी चालू असलेली शेवटची चढाई पूर्ण होऊ दिली जाते. घड्याळ संपते, दम संपत नाही. जुन्या हुतुतूचा हा अवशेष मला फार बोलका वाटतो.

कबड्डीच्या या ३० सेकंदांचा एक दूरचा भाऊ अमेरिकन बास्केटबॉलमध्ये आहे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्स संघाने मिनिआपोलिस लेकर्सविरुद्ध चेंडू नुसता हातात ठेवून सामना १९-१८ असा जिंकला. प्रेक्षकांचा जीव मेटाकुटीला आला. १९५४ साली त्या लीगने २४ सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकण्याची सक्ती केली. खेळ वेगळा, खंड वेगळा, पण दुखणे आणि उपाय तेच.

अकरा सेकंदांची गोष्ट

वेळ आणि दंड यांचे सर्वांत गुंतागुंतीचे नाते पाहायचे असेल, तर अमेरिकन फुटबॉलकडे वळावे लागते. आपल्याकडे हा खेळ फारसा रुजला नाही. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव, म्हणजे साठ मिनिटांचा सामना, पण तो संपायला तीन तास लागतात, कारण घड्याळ सतत थांबते. फेकलेला चेंडू झेलता आला नाही, की घड्याळ थांबते. संघाने विश्रांती मागितली, की थांबते. शेवटच्या मिनिटांत चेंडू घेऊन खेळाडू रेषेबाहेर गेला, तरी थांबते. साहजिकच पिछाडीवरचा संघ घड्याळ थांबवण्याच्या खटपटीत असतो आणि आघाडीवरचा ते चालू ठेवण्याच्या.

आता यात दंड मिसळा. नियमभंग झाला की पंच खेळ थांबवतात आणि त्याबरोबर घड्याळही थांबू शकते. मग घड्याळ थांबावे म्हणून पिछाडीवरचा संघ मुद्दाम नियम मोडू लागला तर? गुन्ह्याचे बक्षीस मिळाले, असे होईल. यावर उपाय म्हणून नियम असा, की पूर्वार्धाच्या किंवा उत्तरार्धाच्या शेवटच्या दोन मिनिटांत आक्रमक संघाच्या विशिष्ट चुकीमुळे घड्याळ थांबले, तर त्यातून दहा सेकंद वजा केले जातात. नऊ सेकंद उरले असतील, तर सामना तिथेच संपतो. उलट बाजूने, बचाव करणाऱ्या संघाने शेवटच्या खेळीत नियम मोडला, तर त्या दंडावर सामना संपू दिला जात नाही. घड्याळ शून्यावर असले तरी समोरच्या संघाला आणखी एक खेळी मिळते. चालू चढाई पुरी होऊ देण्याच्या आपल्या नियमाचीच आठवण व्हावी.

पण नियम जितके बारीक, तितक्या त्यातल्या फटीही बारीक. २७ नोव्हेंबर २०१६ रोजी बाल्टिमोर रेव्हन्स हा संघ सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध १९-१२ असा पुढे होता आणि ११ सेकंद उरले होते. चेंडू लांब लाथाडून समोरच्या संघाच्या हाती द्यायची वेळ आली होती. तो देताना घोळ झाला असता, तर सामना हातचा गेला असता. रेव्हन्सने वेगळेच केले. त्यांच्या सॅम कॉकने चेंडू हातात धरून ठेवला आणि त्याच्या साथीदारांनी समोरच्या खेळाडूंना अक्षरशः मिठ्या मारून अडवले. तसे धरणे हा नियमभंग आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. पण खेळी चालू असेपर्यंत घड्याळ चालूच राहते, हेही ठाऊक होते. ११ सेकंद संपले, कॉक रेषेबाहेर गेला, समोरच्या संघाला दोन गुण मिळाले आणि रेव्हन्स १९-१४ने जिंकले. त्यांनी गुन्हा केला, दंड भरला आणि नफ्यात राहिले. २०१७मध्ये नियम बदलला. घड्याळाशी खेळण्यासाठी एकाच खेळीत अनेक नियमभंग केले, तर ते अखिलाडू वर्तन ठरेल, पंधरा यार्डांचा दंड होईल आणि घड्याळ मागे नेऊन गेलेला वेळ परत दिला जाईल.

यातला शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. चोरलेली वस्तू जप्त करून मालकाला परत करावी, तसा चोरलेला वेळ परत केला जातो. म्हणजे वेळेला मालक असतो, हे नियमाने मान्य केले.

नियमाची धार निरपराधालाही लागते. २४ सप्टेंबर २०१७ रोजी डेट्रॉइट लायन्सच्या गोल्डन टेटने अटलांटा फाल्कन्सविरुद्ध विजयी गुण मिळवले, असे पंचांनी जाहीर केले. तेव्हा आठ सेकंद उरले होते. चित्रफीत पाहिल्यावर त्याचा गुडघा रेषेच्या किंचित आधीच टेकल्याचे दिसले. निर्णय फिरला आणि तो आधीच बरोबर दिला असता तर घड्याळ चालूच राहिले असते, म्हणून दहा सेकंद वजा झाले. आठातून दहा गेले आणि लायन्स २६-३० असे हरले. टेटने कुठलाही लबाडपणा केला नव्हता. चूक पंचांच्या नजरेची होती, पण वेळ मात्र त्याच्या संघाचा गेला.

डोंबिवलीचा कर्णधार आणि चार गुण

क्रिकेट हा तर एकेकाळी वेळेची पर्वाच न करणारा खेळ. १९३९ साली डर्बनमध्ये इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातला ‘कालातीत’ कसोटी सामना निकाल लागेपर्यंत खेळायचा ठरला होता. दहा दिवसांनंतरही निकाल लागला नाही आणि इंग्लंडच्या संघाची बोट सुटायची वेळ झाली, म्हणून तो सोडून द्यावा लागला. पुढे कसोटीला दिवसांची मर्यादा आली, आणि कबड्डीत झाले तेच इथेही झाले.

१९६७च्या उन्हाळ्यात पतौडींचा भारतीय संघ इंग्लंडमध्ये ज्याच्याविरुद्ध खेळला, तो इंग्लंडचा कर्णधार ब्रायन क्लोज. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एजबॅस्टनला वॉरविकशायर संघ विजयाचा पाठलाग करत असताना क्लोजच्या यॉर्कशायरने १०० मिनिटांत अवघी २४ षटके टाकली. सामना अनिर्णित राहिला, पण क्लोजचे इंग्लंडचे कर्णधारपद गेले. पुढे शेवटच्या तासात ठरावीक षटके टाकणे बंधनकारक झाले. म्हणजे शेवटचा तास मिनिटांऐवजी षटकांत मोजला जाऊ लागला. वेळ काढण्यात अर्थच राहू नये, म्हणून मापच बदलले. वेळकाढूपणावरचा हा सर्वांत शहाणा उपाय म्हणावा लागेल.

षटकांची गती मात्र दिवसभर मंद राहू लागली. त्यासाठी मानधनातून कपात सुरू झाली, पण लाखांनी कमावणाऱ्या खेळाडूंना तिचे काही वाटेना. जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत म्हणून थेट गुणांवर घाला घालण्यात आला. पहिल्या स्पर्धेत एक षटक कमी पडले, तर दोन गुण वजा होत.

डिसेंबर २०२०. अॅडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला होता, विराट कोहली मायदेशी परतला होता आणि मेलबर्नच्या कसोटीत नेतृत्व अजिंक्य रहाणेकडे आले. रहाणे डोंबिवलीत वाढलेला, एस. व्ही. जोशी हायस्कूलचा विद्यार्थी. क्रिकेटचे साहित्य खांद्यावर घेऊन लोकलच्या गर्दीतून मुंबईची मैदाने गाठणाऱ्या मुलांपैकी एक. त्याने ११२ धावा केल्या आणि भारताने तो सामना आठ गडी राखून जिंकला. त्या विजयाच्या जल्लोषात एक बारीकशी बातमी झाकली गेली. ऑस्ट्रेलियाने दोन षटके कमी टाकली म्हणून त्यांचे ४० टक्के मानधन कापले गेले आणि अजिंक्यपदाच्या तक्त्यातून चार गुण वजा झाले.

पुढे ऑस्ट्रेलियाचा दक्षिण आफ्रिका दौरा रद्द झाला आणि त्यांची टक्केवारी ६९.२वर अडकली. न्यूझीलंडची ७० टक्के होती. ते चार गुण हाती असते, तर ऑस्ट्रेलियाचीही टक्केवारी ७० झाली असती आणि बरोबरी सोडवण्याच्या निकषावर ते पुढे गेले असते. जून २०२१मध्ये साउथॅम्प्टनच्या अंतिम सामन्यात भारतासमोर न्यूझीलंड उभे राहिले आणि अजिंक्यपद जिंकून गेले. पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक ४९ धावा रहाणेच्याच होत्या. मेलबर्नमध्ये हातून निसटलेल्या बारा चेंडूंनी जगाच्या दुसऱ्या टोकाला अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धी बदलला.

रहाणेचे नाव घेताना हेही सांगायला हवे, की २०१९च्या आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सचा कर्णधार असताना षटकांच्या मंद गतीसाठी त्यालाही बारा लाखांचा दंड झाला होता. वेळेच्या बाबतीत कोणताही कर्णधार कायमचा साव नसतो. शेवटच्या षटकांत क्षेत्ररक्षण लावताना, घाबरलेल्या गोलंदाजाच्या खांद्यावर हात ठेवताना मिनिटे जातात. त्यातली विचाराची किती आणि लबाडीची किती, हे कोणत्या घड्याळात दिसणार?

न्यूयॉर्कमधल्या पाच धावा

मेलबर्नच्या दंडाचा दोष उघड होता. शिक्षा झाली, पण ज्या सामन्यात वेळ गेला त्या सामन्याला तिचा उपयोग नव्हता. म्हणून क्रिकेटने दंड हळूहळू मैदानात आणला. जानेवारी २०२२पासून आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० सामन्यांत ठरलेल्या वेळेपर्यंत शेवटचे षटक सुरू झाले नाही, तर उरलेल्या षटकांत सीमारेषेकडचा एक क्षेत्ररक्षक आतल्या वर्तुळात आणावा लागतो. २८ ऑगस्ट २०२२ रोजी दुबईत आशिया चषकाच्या सामन्यात भारत आणि पाकिस्तान दोघांनाही त्याचा फटका बसला. पाकिस्तानला अखेरची तीन षटके एक माणूस आत ठेवून टाकावी लागली आणि भारताने दोन चेंडू राखून बाजी मारली.

त्यानंतर आले ‘स्टॉप क्लॉक’. एक षटक संपल्यावर ६० सेकंदांत पुढचे सुरू झाले पाहिजे. दोनदा ताकीद, तिसऱ्यांदा समोरच्या संघाला पाच धावा. डिसेंबर २०२३मध्ये प्रयोग म्हणून आलेला हा नियम जून २०२४पासून कायम झाला आणि लगेचच त्याने एक नाट्य घडवले. १२ जून २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये विश्वचषकाच्या सामन्यात अमेरिकेने भारतापुढे १११ धावांचे लक्ष्य ठेवले होते. खेळपट्टी अवघड होती. अमेरिकेकडून गोलंदाजी करत होता सौरभ नेत्रावळकर. मुंबईत जन्मलेला, २०१०मध्ये भारताच्या १९ वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळलेला, मुंबईसाठी रणजी सामना खेळलेला आणि पुढे संगणकशास्त्र शिकायला अमेरिकेत गेलेला हा मराठी मुलगा. त्याने विराट कोहली आणि रोहित शर्मा या दोघांनाही बाद केले. भारताला ३० चेंडूंत ३५ धावा हव्या होत्या. तेवढ्यात पंचांनी खूण केली. अमेरिकेने तिसऱ्यांदा ६० सेकंद ओलांडले होते. ३५चे ३० झाले, चेंडू मात्र तेवढेच राहिले. सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांनी दहा चेंडू राखून सामना जिंकून दिला.

भारत त्याविना हरला असता, असे म्हणता येणार नाही. पण मोठ्या व्यासपीठावर नव्याने आलेल्या संघाला हा धडा महागात पडला. ज्या देशाने घड्याळाशी खेळण्याचे शास्त्र फुटबॉलमध्ये पराकोटीला नेले, त्याच देशाच्या क्रिकेट संघाला स्वतःच्याच भूमीवर घड्याळाने पकडले.

हांगझोऊची पासष्ट सेकंदे

आता पुन्हा कबड्डीकडे. १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून पुरुषांचे सुवर्ण भारताकडेच होते. २०१८मध्ये जकार्ताला उपांत्य फेरीत इराणने ते हिसकावले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. त्याच दिवशी भारताच्या महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असे एका गुणाने हरवून सुवर्ण जिंकले होते. पुरुषांच्या सामन्यात साधारण ६५ सेकंद उरले असताना गुणफलक होता २८-२८. भारताची करो या मरो चढाई. पवन सेहरावत शिरला आणि कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला. त्याला धरायला इराणचे बचावपटूही त्याच्यामागे राखीव क्षेत्रात गेले.

कोण बाद आणि किती गुण? आंतरराष्ट्रीय नियमावलीचे उत्तर एक आणि लीगच्या सवयीचे उत्तर दुसरे. एका उत्तराने मागे गेलेले बचावपटूही बाद ठरत होते, दुसऱ्याने हिशेब जवळपास बरोबरीचा होत होता. निर्णय बदलले, दोन्ही संघ आळीपाळीने अडून बसले, खेळ सुमारे तासभर थांबला. अखेर निर्णय भारताकडे झुकला आणि सामना ३३-२९ असा संपला. ६५ सेकंदांच्या खेळाला तासाहून अधिक वेळ लागला.

मुंबईत एकाच क्षणाला दोन घड्याळे दोन वेळा दाखवत, त्याची इथे आठवण येते. मैदान एक, चढाई एक, नियमावल्या दोन. आठव्या मिनिटाला असा गोंधळ झाला असता, तर तो कोणाच्या लक्षातही राहिला नसता. शेवटच्या मिनिटाला झाला, म्हणून सुवर्णपदक पणाला लागले. नियमातली संदिग्धता दिवसभर निपचित पडलेली असते आणि नेमकी शेवटच्या मिनिटाला फणा काढते.

पुन्हा मैदानावर

या सगळ्या गोष्टी एकत्र ठेवल्या, तर दंडाचा प्रवास एका दिशेने झालेला दिसतो. आधी बदनामी होती, जशी क्लोजची झाली. मग पैशांचा दंड आला. मग तक्त्यातले गुण कापले गेले. मग चालू सामन्यातच धावा आणि क्षेत्ररक्षक गेले. आणि शेवटी, अमेरिकन फुटबॉलने केले तसे, गेलेला वेळच परत देण्यात आला. ज्याचे नुकसान झाले त्याला, त्याच सामन्यात, त्याच नाण्यात भरपाई मिळावी, इकडे हा प्रवास चालला आहे.

त्यातून सुरुवातीच्या आरोळीचे उत्तरही हाती येते. आपल्या वाट्याचा वेळ आपण कसा वापरावा, हे कौशल्य आहे. तीस सेकंद घुटमळून, कोणाच्याही हाती न लागता परतणाऱ्या चढाईपटूला शिव्या देण्याचे कारण नाही. सात जणांच्या दारात उभे राहून सुखरूप परतणे सोपे नसते. पण बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधणे, दुखापतीचे सोंग करणे, पंचांशी मुद्दाम हुज्जत घालणे, हे दुसऱ्याच्या वाट्याचा वेळ खाणे आहे. पहिल्याला नियमाने मुदत घालावी, दुसऱ्याला दंड करावा. गल्लत होते ती आपण दोघांनाही ‘वेळकाढूपणा’ या एकाच नावाने हाक मारतो म्हणून.

ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात मार्च २०२४मध्ये टेनिस चेंडूच्या क्रिकेटची मोठी व्यावसायिक लीग झाली. गल्लीतला खेळ कॅमेऱ्यांसमोर आला. मॅटवरच्या कबड्डीत प्रत्येक सेकंद पडद्यावर दिसतो, पंचांचा निर्णय चित्रफितीवर तपासता येतो. पण मातीच्या मैदानावर अजूनही बऱ्याचदा घड्याळ असते ते वेळाधिकाऱ्याच्या मुठीत. ते प्रेक्षकांना दिसत नाही, खेळाडूंना दिसत नाही. “किती राहिले?” असे विचारत कर्णधार टेबलाकडे धावतो आणि मिळेल त्या उत्तरावर विश्वास ठेवतो. अमेरिकेच्या त्या मोठ्या फुटबॉल लीगमध्येही १९७०पर्यंत अधिकृत वेळ पंचांच्याच घड्याळात असे, फलकावरचे घड्याळ नुसते शोभेचे. ते अधिकृत झाले आणि शेवटच्या मिनिटांतली अर्धी भांडणे मिटली.

आपल्या मंडळांनी चषकाची उंची थोडी कमी करून मैदानाच्या दोन्ही टोकांना एकेक मोठे घड्याळ लावले आणि कोणत्या नियमावलीने सामना होणार, हे नाणेफेकीच्या वेळीच ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले, तर फार खर्च येणार नाही. स्थानिक स्पर्धेतल्या एका निकालावर एखाद्या पोराची जिल्हा संघातली निवड अवलंबून असते, त्या निवडीवर पुढे खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी अवलंबून असते. त्याचे शेवटचे मिनिट त्याला डोळ्यांनी दिसले पाहिजे. हरला तरी चालेल. आपला वेळ कोणी खाल्ला नाही, एवढी खात्री बाळगून त्याला घरी जाता आले पाहिजे.